रशियन दीर आणि लिथुआनियन सासरा

मराठी मुलगी लग्न होऊन ज्या घरात जाते तिथली माणसं एकदा मोजून घेऊ. सासरा, सासू, दीर, जाऊ. आणि त्या घरासाठी ती स्वतः सून. आता रशियन भाषेतले जुने नातेवाचक शब्द पाहा. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', नवऱ्याची आई 'स्वेक्रोव', दिराची बायको 'यात्रोव', मुलाची बायको 'स्नखा'. लिथुआनियनमध्ये सासऱ्याला 'शेशुरस' म्हणतात आणि दिराला 'दिएवेरिस'. शेजारी संस्कृत शब्द ठेवले की ओळख पटते: श्वशुर, श्वश्रू, देवर, यातृ, स्नुषा. आपले शब्द याच संस्कृत शब्दांचे, प्राकृतातून घासून गुळगुळीत होऊन आलेले. यातृची जाऊ झाली, स्नुषेची सून.

नणंद तेवढी जुळत नाही. रशियनमध्ये तिला 'झोलोव्का' म्हणतात आणि संस्कृत 'ननांदृ'शी या शब्दाचा काही संबंध नाही. इथे एक विनोद सुचतो, तो ज्याचा त्याने करून घ्यावा.

नकाशावर बाल्टिक समुद्राकाठचा लिथुआनिया आणि सह्याद्री यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे. तरी हे शब्द सारखे का? याचं एक उत्तर मोबाईलवर दर काही महिन्यांनी फिरत असतं: 'लिथुआनियन ही संस्कृतची मुलगी आहे.' सोबत एक वाक्य हमखास असतं, आणि ते खरंच देखणं आहे: 'दिएवस दावे दांतिस, दिएवस दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. संस्कृतात मुद्दाम जुळवून म्हटलं तर 'देवः अदात् दतः, देवः दास्यति धानाः'. आपण हेच दातांऐवजी चोचीवरून म्हणतो: ज्याने चोच दिली तो चाराही देईल.

वाक्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो चुकीचा का, हे कळायला चार आणि पाच हे दोन आकडे पुरतात.

संस्कृतात चत्वारः आणि पञ्च. लिथुआनियनमध्ये 'केतुरी' आणि 'पेंकी'. लॅटिनमध्ये चारला 'क्वात्तुओर', पाचला 'क्विंक्वे'. म्हणजे मूळ आवाज 'क'च्या घरातला होता, आणि संस्कृतात पुढे तो 'च' झाला. 'ए', 'इ' यांसारख्या स्वरांआधी 'क'चा 'च' होणं जगभर सर्रास घडतं, कारण जीभ आपसूक टाळूकडे सरकते. उलटा प्रवास फार दुर्मीळ. लिथुआनियन जर संस्कृतातून निघाली असती, तर तिला 'च' मिळाला असता आणि तिने तो नेमक्या जुन्या जागी जाऊन पुन्हा 'क' केला असता, असं मानावं लागेल. हे पटण्यासारखं नाही. दुसऱ्या बाजूने, संस्कृतात 'धूम' आणि 'मधु' यांतला महाप्राण 'ध' टिकला आहे, लिथुआनियनमध्ये त्यांचे 'दूमाई' आणि 'मेदुस' झाले. एकीने एक जपलं, दुसरीने दुसरं. दोघी चुलत बहिणी आहेत. दोघींची आजी एकच, पण ती संस्कृत नव्हे, आणि तिचं एकही वाक्य कोणी लिहून ठेवलेलं नाही. अभ्यासक तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. ती पाच-सहा हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मैदानात बोलली जात असावी, असं आज बहुतेकांचं मत आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या मुळापासून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ साली कोलकात्यात बोलून दाखवलं, तिथून या शोधाला खरा वेग आला.

आता या घराण्यातल्या ज्या शाखेबद्दल बोलायचं आहे तिच्याकडे येऊ. बाल्टिक गटातल्या आज दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लाटव्हियन. दोन्ही मिळून पन्नास लाखही बोलणारे नाहीत. स्लाव्हिक गट मात्र अवाढव्य: पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, पश्चिमेला पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीतली छोटीशी सोर्बियन, दक्षिणेला स्लोव्हेनियन, सर्बियन-क्रोएशियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. तीस कोटींच्या आसपास माणसं या भाषा बोलतात.

बाल्टिक आणि स्लाव्हिक एकाच फांदीच्या, हे कशावरून? शब्द सारखे आहेत म्हणून, असं उत्तर पुरत नाही. शब्द तर मराठीशीही जुळतात. दोन मुलांनी एकमेकांची उत्तरपत्रिका पाहिली हे बरोबर उत्तरांवरून ओळखता येत नाही, सारख्या चुकांवरून ओळखतात. भाषांचंही तसंच. नऊ हा आकडा घ्या. संस्कृत नव, लॅटिन नोवेम, आपला नऊ, सगळीकडे 'न'. लिथुआनियनमध्ये मात्र 'देविनी' आणि रशियनमध्ये 'देव्यात'. 'न'चा 'द' झाला, बहुधा शेजारच्या दहाच्या ('देशिम्त', 'देस्यात') ओढीने. आकडे ओळीने म्हणताना पुढचा आकडा मागच्याला आपला रंग लावतो. हा घोटाळा दोन्हीकडे सारखाच झालेला आहे. शिवाय हाताला 'रांका' आणि 'रुका', डोक्याला 'गाल्वा' आणि 'गोलोवा' अशा जोड्या आहेत. संस्कृतातला हस्त किंवा शिरस् इथे कामाचा नाही.

तरीही वाद झाला. आंत्वान मेये या मोठ्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०८ साली म्हटलं की हे साम्य शेजारामुळे आणि समांतर वाटचालीमुळे आहे, एक सामायिक भाषा कधी नव्हतीच. सोव्हिएत काळात आणि बाल्टिक देशांच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात या प्रश्नाला राजकीय धारही आली. आपली भाषा रशियनची सख्खी बहीण, हे ऐकणं कोणाला गोड लागणार? आज बहुतेक अभ्यासक सामायिक टप्पा मानतात. मला तो 'द'चा घोटाळाच सगळ्यात बोलका वाटतो.

या शाखेचं आपल्या शाखेशीही खास जवळचं नातं आहे. लॅटिनमध्ये शंभराला 'केंटुम', पण संस्कृतात शतम्, लिथुआनियनमध्ये 'शिम्तस', रशियनमध्ये 'स्तो'. इथे 'क'चा 'श' किंवा 'स' झाला. आपल्या दोनशेमधला 'शे' तोच. पण बाल्टिक-स्लाव्हिकने हे काम अर्धवट सोडलेलं दिसतं. संस्कृत अश्मन्, म्हणजे दगड, लिथुआनियनमध्ये 'आक्मुओ' आहे. आणि वरची 'स्वेक्रोव' सासू पुन्हा पाहा, श्वश्रूमधल्या दुसऱ्या 'श'च्या जागी तिच्याकडे 'क' आहे. नवी लाट गावाच्या वेशीपर्यंत यावी आणि काही घरांत शिरू नये, तसं काहीतरी झालं असावं.

दुसरा दुवा शाळेत संस्कृत शिकलेल्यांना लगेच कळेल. सप्तमीचं अनेकवचन 'मालासु' पण 'अग्निषु', 'देवेषु'. इ, उ, र, क यांच्या नंतर 'स'चा 'ष' होतो. हाच नियम, याच चार आवाजांनंतर, स्लाव्हिकमध्येही लागला, फक्त तिथे तो 'ष' पुढे घसरत घसरत 'ख' झाला. म्हणून स्नुषेची 'स्नखा'. रशियनमध्ये 'घरांमध्ये' म्हणताना 'दोमाख' म्हणतात. शेवटचा 'ख' हा आपल्या 'षु'चा भाऊबंद. आणि शुष्क, ज्याचं मराठीत 'सुका' झालं, ते रशियनमध्ये 'सुखोय'. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जी सुखोई विमानं तयार झाली, ती पावेल सुखोई या अभियंत्याच्या आडनावावरून, आणि त्या आडनावाचा अर्थ 'सुका'. लिथुआनियन शब्द 'सौसस', तिथे 'स' जागचा हलला नाही.

बाल्टिक आणि स्लाव्हिक वेगळ्या कधी झाल्या, याला तारीख नाही. तीन-साडेतीन हजार वर्षं हा ढोबळ अंदाज. त्यानंतरच्या दीर्घ काळात बाल्टिक बोलणारे आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशात होते. व्लादिमिर तोपोरोव आणि ओलेग त्रुबाचोव यांनी १९६२ साली नीपर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांची नावं तपासली, तेव्हा आज रशियन आणि बेलारूसी बोलल्या जाणाऱ्या भागात शेकडो बाल्टिक नावं निघाली. माणसं जातात, भाषा बदलते, नदीचं नाव राहतं.

स्लाव्हिकचा फैलाव मात्र झपाट्याने झाला. सहाव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन, साम्राज्याच्या लेखकांना हे लोक डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर दिसू लागले आणि दोन-तीनशे वर्षांत ही भाषा बाल्टिक किनाऱ्यापासून ग्रीसपर्यंत पोचली. या धावपळीच्या काळात तिच्या अंगात एक विचित्र सवय भिनली: प्रत्येक अक्षर स्वरावरच संपलं पाहिजे. शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळाली. हे आपल्या प्राकृतातही झालं, विद्युत्मधला 'त्' गळून विज्जु आणि मग वीज. लिथुआनियनमध्ये लांडगा 'विल्कस', अगदी वृकः सारखा शेवटच्या 'स'सकट. रशियनमध्ये नुसता 'वोल्क'. लिथुआनियन माणसाला तो 'स' इतका लागतो की परक्या पुरुषांच्या नावांनाही तो चिकटवतात, जॉर्ज बुश तिथल्या वर्तमानपत्रात 'जॉर्जस बुशस' होऊन छापून यायचे. आपण पाठ करून विसरलेला विसर्ग तिथे रोजच्या बातम्यांत असतो.

त्याच सवयीपायी 'गोर्द' (कुंपण घातलेली वस्ती, संस्कृत गृहाचा नातलग) या शब्दाची मोडतोड झाली. मधला 'र' अक्षराच्या शेवटी अडकला होता, तो चालेना. दक्षिणेकडच्यांनी अदलाबदल करून 'ग्राद' केलं, म्हणून बेलग्रेडचं स्थानिक नाव बेओग्राद. चेकांनी 'ह्राद', पोलिशांनी 'ग्रुद'. पूर्वेकडच्यांनी आणखी एक स्वर घुसवून 'गोरोद', जसं नोवगोरोद, म्हणजे नवं नगर.

मग रशियातच लेनिनग्राद आणि वोल्गोग्राद कसे? याचं उत्तर मराठी वाचकाला इतर कोणाहीपेक्षा सहज कळेल, पण त्यासाठी नवव्या शतकात जावं लागेल.

८६३ साली आजच्या चेक प्रदेशातल्या मोराव्हियाच्या रास्तिस्लाव राजाच्या विनंतीवरून बायझंटाइन सम्राटाने थेस्सलोनिकीचे दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, यांना तिकडे धाडलं. गावाभोवतीच्या स्लाव लोकांची बोली त्यांना येत होती. तिच्यासाठी त्यांनी ग्लागोलिटिक नावाची लिपी तयार केली आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ भाषांतरित केले. ही जुनी चर्च स्लाव्होनिक. सिरिल ८६९ साली रोममध्ये वारला, मेथोडियस ८८५ साली. शिष्यांना मोराव्हियातून हाकललं गेलं आणि ते बल्गेरियात गेले. तिथे पुढे जी लिपी आकाराला आली तिला सिरिलिक म्हणतात, जरी ती सिरिलने केलेली नाही. बल्गेरियातून ही धर्मभाषा किएव आणि नोवगोरोदला पोचली आणि शेकडो वर्षं प्रतिष्ठेच्या गादीवर बसली. ती मुळात दक्षिणेकडची, म्हणून तिच्यात 'ग्राद'. लोकांच्या तोंडी 'गोरोद'.

म्हणजेच तत्सम आणि तद्भव! आपण राहतो घरात, पण मंत्री असतो गृहमंत्री. आपण पितो दूध, पण व्यवसाय दुग्धव्यवसाय. रशियनमध्ये धडावरचं डोकं 'गोलोवा' आणि पुस्तकातलं प्रकरण 'ग्लावा'. बाजू 'स्तोरोना', पण देश 'स्त्राना'. घरगुती रूप आणि भारदस्त रूप. १९१४ साली जर्मन वाटणारं पीटर्सबर्ग हे नाव बदलायचं ठरलं तेव्हा पेत्रोग्राद केलं, पेत्रोगोरोद नाही, कारण राजधानीच्या नावाला भारदस्तपणा हवा होता. दहा वर्षांनी क्रांतिकारकांनी ते लेनिनग्राद केलं, तरी चर्चच्या भाषेतला तुकडा तसाच ठेवला.

लोकांची खरी बोली कशी होती हे धर्मग्रंथांतून कळत नाही. ते कळलं चिखलातून. १९५१ साली नोवगोरोदच्या उत्खननात भूर्ज झाडाच्या सालीवर कोरलेली पत्रं सापडू लागली. आज ती हजारावर आहेत. उधारीचे हिशेब, भांडणं, लग्नाच्या बोलण्या. ओनफिम नावाच्या एका लहान मुलाचं तेराव्या शतकातलं गिरवणंही आहे, मध्येच कंटाळून त्याने घोड्यावर बसलेला योद्धा काढला आहे. अकराव्या शतकातल्या एका पत्रात कुलूप 'केले' आणि दारं 'केले' असं काहीतरी लिहिलेलं होतं. बरेच दिवस त्याचा अर्थ नीट लागेना. आंद्रेय झालिझ्न्याक या भाषाशास्त्रज्ञाने तो लावला: हा शब्द म्हणजे इतर सगळ्या स्लाव्हिक भाषांतला 'त्सेल', अर्थ शाबूत. कुलूप शाबूत आहे, दारं शाबूत आहेत. इतरांनी 'क'चा 'त्स' केला होता, नोवगोरोदकरांनी केलाच नव्हता.

इथे मराठीला एक सोय आहे. आपल्याकडे दोन 'च' आहेत: 'चार आणे'मधला आणि 'गुरांचा चारा'मधला. स्लाव्हिकमध्येही हेच दोन, आणि दोन्ही 'क'पासून, वेगवेगळ्या काळात निघालेले. आधीच्या लाटेत चारमधला 'च' आला (रशियन 'चितीरे', चार), नंतरच्या लाटेत चाऱ्यातला, म्हणजे 'त्सेल'मधला 'त्स'. ती दुसरी लाट नोवगोरोदला पोचली नाही.

त्यानंतर स्लाव्हिकची ती स्वरान्ताची सवय मोडली, दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान. दोन अगदी आखूड स्वर होते, त्यांतले दुबळ्या जागचे गळाले आणि बळकट जागचे पूर्ण स्वर झाले. परिणाम ओळखीचा आहे. आपण म्हणतो कापूस पण कापसाचा, लाकूड पण लाकडाचं. रशियनमध्ये झोप 'सोन' (आपलं स्वप्न), पण झोपेचं 'स्ना'. दिवस 'देन', पण दिवसाचा 'द्न्या'. कारणं वेगळी, पण जिभेची कसरत तीच. शब्दाच्या शेवटचा गळलेला स्वर मात्र रशियन लिपीत एका मुक्या खुणेच्या रूपाने पुढची कित्येक शतकं लिहिला जात राहिला. १९१७-१८ च्या लेखनसुधारणेत ती खूण शब्दांच्या शेवटून गेली, जसे आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले. चेक भाषेत तर स्वर इतके गळाले की लांडगा नुसता 'व्ल्क' उरला आणि 'र', 'ल' हेच स्वराचं काम करू लागले. आपल्या 'ऋ'ने कधीकाळी तेच केलं होतं.

एक गोष्ट जाता जाता. संस्कृत शिकताना ज्या द्विवचनाने आपल्याला छळलं, ते स्लोव्हेनियन आणि सोर्बियन लोक आजही बोलतात. तिकडे 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांची क्रियापदं वेगळी असतात.

आणि अस्वल. रशियन 'मेदवेद' म्हणजे मध खाणारा, मधु आणि अद्. अस्वलाचं मूळ नाव, जे संस्कृतात ऋक्ष म्हणून आहे, स्लाव्हिकमध्ये उरलंच नाही. जंगलात त्याचं नाव घेतलं तर ते येईल, या भीतीने टाळता टाळता शब्दच हरवला. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता जनावर किंवा लांबडं म्हणतात, तोच प्रकार. टेनिसपटू मेदवेदेवचं आडनाव असं एका जुन्या भीतीतून आलेलं आहे.

आता बाल्टिककडे. ती तीन बहिणींची गोष्ट आहे, त्यातली एक गेली. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक नावाच्या जर्मन धर्मयोद्ध्या सरदारांनी प्रशियन लोकांचा प्रदेश जिंकला. हे प्रशियन मुळात जर्मन नव्हते, बाल्टिक होते. त्यांचं नाव जिंकणाऱ्यांनी घेतलं आणि भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. मागे उरल्या सोळाव्या शतकातल्या तीन धर्मपुस्तिका, आठशे शब्दांची एक यादी आणि काही तुकडे. लाटव्हियन जगली, पण शेजारच्या फिन्निक भाषांच्या सहवासात तिने शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर आणला आणि शेवटाची अक्षरं आखडली: 'शिम्तस'चं 'सिम्त्स' झालं.

लिथुआनियन इतकी जुनाट का राहिली, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे जंगलं, दलदल आणि एकटेपणा. मला ते अपुरं वाटतं. एकट्या भाषाही बदलतात. शिवाय लिथुआनियन काही गोठलेली नाही. नामांमधलं नपुंसकलिंग तिने टाकून दिलं आणि क्रियापदाच्या तृतीय पुरुषात 'तो जातो' आणि 'ते जातात' यांचं रूप एकच केलं. संस्कृतच्या मानाने ही मोठीच काटकसर आहे. नामांच्या विभक्ती मात्र तिने संबोधन धरून सात ठेवल्या, पंचमी तेवढी षष्ठीत विरली. एवढं खरं की हा प्रदेश १३८७ साली, युरोपात सगळ्यात शेवटी, ख्रिस्ती झाला, आणि त्याच्या बलाढ्य राज्याचा कारभार आधी स्लाव्हिक आणि नंतर पोलिश भाषेत चालला. दरबाराला या भाषेची गरज नव्हती. पहिलं छापील पुस्तक, मार्तिनास माझ्विदास यांची धर्मपुस्तिका, आलं १५४७ साली, तेही राज्याबाहेर, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला.

आउगुस्ट श्लायशर हा जर्मन पंडित १८५२ साली प्रशियाच्या हद्दीतल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन राहिला आणि शेतकऱ्यांकडून गाणी-गोष्टी उतरवून त्याने या भाषेचं व्याकरण लिहिलं. युरोपातले विद्वान जिचं कौतुक करत होते ती भाषा, पलीकडच्या रशियन हद्दीत, लवकरच गुन्हा ठरली. १८६३ च्या उठावानंतर झारच्या सरकारने १८६४ पासून लॅटिन लिपीतली लिथुआनियन छपाई बंद केली. छापायचं तर सिरिलिकमध्ये छापा. चाळीस वर्षं, १९०४ पर्यंत, लोकांनी प्रशियात पुस्तकं छापली आणि पाठीवर पोती टाकून रात्रीची सीमा ओलांडली. पकडले गेलेल्यांना तुरुंग किंवा सैबेरिया. त्यांना 'क्निगनेशिस' म्हणतात, पुस्तकं वाहणारा.

राहता राहिलं सासर. शहरांतल्या रशियन तरुणांना आज 'देवेर' कोण आणि 'झोलोव्का' कोण हे विचारलं तर बरेच जण गोंधळतात. ते सरळ 'नवऱ्याचा भाऊ', 'नवऱ्याची बहीण' म्हणतात. 'यात्रोव' तर जवळपास शब्दकोशातच उरली आहे. आपल्याकडे दिराला हाक मारताना भाऊजी म्हणत असले, तरी पाहुण्यांना ओळख करून देताना अजून 'हे माझे दीर' असंच सांगतात. आणि शेजारी उभी असते ती जाऊ.